अडीच लाखांचा देश आणि आपली मुले

२०११ च्या जनगणनेत इंदापूर तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे गेली होती, बारामती तालुक्याची सव्वाचार लाखांच्या पुढे. हे आकडे आधीच सांगतो, कारण आज ज्या देशाच्या पोरांची गोष्ट सांगायची आहे, तो देश १९८१ साली जेमतेम अडीच लाखांचा होता. त्यातही मोठा हिस्सा पोटापाण्यासाठी बाहेरून आलेल्यांचा. म्हणजे भिगवणपासून नीरा-नरसिंहपूरपर्यंतच्या आपल्या एका तालुक्यात जेवढी माणसे राहतात, तेवढीही त्या देशात नव्हती. देशाचे नाव कतार. आपल्यापैकी कित्येकांचे मामा, चुलते, भाऊ आज दोहात नोकरीला आहेत. त्यांना हे नाव परके नाही.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियात वीस वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा होती. आशियाई स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवून कतारची मुले तिथे पोहोचली. प्रशिक्षक होते ब्राझीलचे एव्हारिस्तो दे मासेदो. तारुण्यात बार्सिलोना आणि रेआल माद्रिद या दोन्ही नामांकित संघांकडून खेळलेला माणूस. गटातल्या पहिल्या सामन्यांत कतारने पोलंडला १-० असे हरवले, अमेरिकेशी १-१ अशी बरोबरी केली आणि उरुग्वेकडून एका गोलने हार खाल्ली. इथवर कुणी फारसे लक्ष दिले नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत समोर आला ब्राझील, खुद्द प्रशिक्षकाचा देश. खालिद सलमान या मुलाने एकट्याने तीन गोल केले आणि कतार ३-२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात इंग्लंड २-१ असा पडला. १८ ऑक्टोबर १९८१ रोजी सिडनीत अंतिम सामना झाला. तिथे मात्र पश्चिम जर्मनीने ४-० अशी दाणादाण उडवली.

अंतिम सामना हरले म्हणून ही गोष्ट कमी होत नाही. पण तिचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्राझील आणि इंग्लंडला हरवणारी ही पिढी मोठी झाल्यावर कतार मोठ्यांच्या विश्वचषकात गेला का? नाही. त्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी, २०२२ साली, कतार प्रथम विश्वचषक खेळला. तोही यजमान म्हणून मिळालेल्या जागेवर. तिन्ही सामने हरला. एका पिढीत चांगली पोरे निपजणे वेगळे आणि दर पिढीला ती घडवणारी व्यवस्था उभी राहणे वेगळे.

ती व्यवस्था कतारने २००४ साली ‘अस्पायर’ नावाची अकादमी काढून उभी करायला घेतली. शाळा, वसतिगृह, मैदान, डॉक्टर सगळे एका आवारात. दहा वर्षांनी फळ दिसले: २०१४ मध्ये म्यानमारमधल्या १९ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलांनी अंतिम सामन्यात उत्तर कोरियाला १-० असे हरवले. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये जागतिक स्पर्धेत हीच मुले तिन्ही सामने हरली. पण संघ मोडला नाही, मुलांना घरी पाठवले नाही. त्यांतलेच अक्रम अफीफ, अल्मोएझ अली हे २०१९ मध्ये मोठ्यांच्या आशियाई करंडकात उतरले आणि अंतिम सामन्यात जपान ३-१ असा हरला. अल्मोएझने त्या स्पर्धेत नऊ गोल केले. २०२४ च्या फेब्रुवारीत कतारने तोच करंडक पुन्हा जिंकला. कुणी म्हणेल, तेलवायूचा पैसा आहे, काय अवघड आहे? पैसा आहेच. अल्मोएझ मूळचा सुदानचा, बाहेरून आलेल्या कुटुंबांतली मुलेही संघात आहेत, हेही खरे. पण पैसा १९८१ नंतरही होता. पैशासोबत पंधरा वर्षे धीर धरावा लागतो, तो बाजारात मिळत नाही.

आता आपल्याकडे वळू. लोकसंख्येत आपण जगात वर, फुटबॉलमध्ये मात्र छोटा देश. नेहमीच असे नव्हते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. दोन्ही वेळा प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्यावर चित्रपट आल्यापासून नाव घरोघरी पोहोचले. ते पेशाने शाळामास्तर होते हे मात्र थोड्यांच्या लक्षात राहते. आम्हा मास्तर मंडळींना त्याचा जरा जास्तच आनंद होतो, एवढे वाचकांनी खपवून घ्यावे.

हैदराबादचाच आणखी एक मुलगा, शब्बीर अली. १९७४ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला आशियाई युवा स्पर्धा झाली, तेव्हा तो भारताचा कर्णधार होता आणि वयाने जेमतेम अठरा. अंतिम सामना इराणशी. त्या काळात इराणचा दबदबा असा की १९७३ ते १९७६ सलग चार वर्षे या करंडकावर त्यांचे नाव आहे. त्या इराणला आपल्या पोरांनी २-२ असे रोखले आणि करंडक दोन्ही देशांना विभागून मिळाला. शब्बीर अली पुढे भारताकडून खेळले, प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली गोव्याच्या साळगावकर संघाने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०११ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. पण बँकॉकच्या त्या करंडकानंतर भारताच्या युवा संघाला आशियाचे विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही. पन्नास वर्षे उलटून गेली.

या पन्नास वर्षांत दोघांचे काय झाले ते ऑक्टोबर २०१७ मध्ये एकाच आठवड्यात दिसले. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला होता. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे लोळवले. दोनच दिवसांनी दिल्लीत घानाने आपल्या मुलांना त्याच फरकाने हरवले. १९७४ साली जे दोन संघ बरोबरीत सुटले होते, त्यांच्यातले हे अंतर.

तरीही २०१७ च्या त्या भारतीय संघाविषयी आम्हाला फार आपुलकी वाटते. कारण ती पोरे आपल्या वर्गातल्या पोरांसारखी होती. कुणाची आई मासळी विकायची, कुणाचे वडील पहारेकरी, कुणाची आई फुटपाथवर कपडे विकणारी. २१ जणांपैकी आठ एकट्या मणिपूरचे. मणिपूरची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशही नाही. त्या आठांत मोहम्मद शाहजहान हा मुलगा होता, बंगालचा रहीम अली आणि पंजाबच्या आदमपूरचा अन्वर अली हेही संघात होते. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे तिकडून येऊन संघात बसला. आणि महाराष्ट्रात घडलेला एकच: कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षा चालवायचे.

कोल्हापूरचाच का, याचे उत्तर एका शब्दात आहे. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात तालीम म्हणजे या दोन्हींसोबत फुटबॉलचा संघसुद्धा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशा पेठापेठांच्या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि अख्खे गाव दोन रंगांत वाटले जाते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून हा कारभार पाहते. ज्या गावात आजोबा, बाप आणि नातू एकाच तालमीसाठी ओरडतात, तिथे मुलाने बॉल मागितला तर घरात भांडण होत नाही. कतारने अकादमी बांधून जे केले, त्यातला थोडा भाग कोल्हापूरच्या पेठांनी आपल्या परीने केला. आपल्या भागात असे वेड कुस्तीला आहे, कबड्डीला आहे, टेनिस बॉलच्या क्रिकेटला तर विचारू नका. फुटबॉलला नाही.

अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे राज्य शासनाची निवासी क्रीडाशाळा. राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सगळे शासनाचे. तिथून पुण्यातल्या एका व्यावसायिक संघाची अकादमी आणि मग भारतीय संघ. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारतीय फुटबॉल संघ, कोणत्याही वयोगटाचा असो, पहिल्यांदा फिफाच्या विश्वचषकात उतरला, तेव्हा आघाडीला हा कोल्हापूरचा मुलगा होता. सामना ०-३ असा गेला. ९ तारखेला कोलंबिया. एक गोल खाल्ल्यावर ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर मणिपूरच्या जीक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आमच्या घरी टीव्हीसमोर बसलेली पोरे पलंगावरून खाली पडली. ती उठून बसेपर्यंत कोलंबियाने दुसरा गोल केला होता! बरोबरी टिकली ती मिनिटभर.

त्या स्पर्धेआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा शासनाचा कार्यक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. आमच्याही मुलांनी त्या दिवशी मनसोक्त चेंडू तुडवला, मुलींनीही. कार्यक्रम चांगला होता. पण १६ सप्टेंबरला काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मैदानांची वाण नाही. वाण आहे ती संध्याकाळी पाच वाजता रोज मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाची. चेंडू वर्षभरात फाटले.

आमच्या शाळेत बागवान, तांबोळी, आतार, मुलाणी, शिकलगार अशा घरांतली मुले येतात. बापाचा फळांचा गाडा, भंगाराचे दुकान, एमआयडीसीत कंत्राटी काम. मध्यंतरी एका आईने आम्हाला विचारले, “सर, पोरगं पळतंय चांगलं, पण बॉलमागं पळून पोट भरतं का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरे उत्तर असे, की बहुतेकांचे भरत नाही. २०१७ च्या त्या २१ मुलांपैकी काही जण आज मोठ्या संघांत कमावते झाले, काही भारताकडून खेळले, आणि काहींची नावे आता शोधावी लागतात. देशभरातून निवडून, वर्षानुवर्षे सांभाळलेल्या मुलांची ही गत. ज्यांची निवडच झाली नाही, त्यांचे काय? म्हणून मुलाला मैदानावर पाठवताना वह्या-पुस्तके माळ्यावर टाकू नयेत, हे आम्ही शिक्षक म्हणून नव्हे, हिशोब म्हणून सांगतो. खेळाच्या वेळापत्रकामुळे नियमित शाळा झेपली नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. राज्य पातळीवर पोहोचलेल्यांना क्रीडा सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोट चेंडूने भरले नाही तरी या वाटा उघड्या राहतात. मात्र त्यासाठी शिक्षण हातात हवे.

आणि शरीराचे काय? इथे अन्वर अलीची हकीकत सांगितलीच पाहिजे. लहानपणी गुरे राखणारा हा मुलगा २०१७ च्या संघात बचावफळीत खेळला. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. अर्जेंटिना म्हणजे मेस्सीचा देश. आपला अनिकेत जाधव लाल कार्ड मिळून बाहेर गेला, संघ दहा जणांवर आला, आणि तशात अन्वरने फ्री-किकवर गोल केला. भारत २-१ असा जिंकला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एका संघात दाखल होताना वैद्यकीय तपासणी झाली आणि त्याच्या हृदयात जन्मजात दोष निघाला. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार. खेळताना जीव जाऊ शकतो असा. एकोणीस वर्षांचा मुलगा, घर त्याच्यावर अवलंबून. महासंघाने खेळायला मनाई केली. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मोठे तज्ज्ञ, परदेशातले अहवाल, समित्या असा दोन वर्षांचा प्रवास झाला, मग परवानगी मिळाली. तो गोव्याच्या संघाकडून खेळला, आणि जून २०२२ मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध भारताच्या ४-० विजयातला पहिला गोल त्याचा होता.

या हकीकतीतून कुणी ‘डॉक्टरांचे ऐकू नये’ असा अर्थ काढू नये. अन्वर डॉक्टरांना चुकवून खेळला नाही. आणखी डॉक्टरांकडे गेला. आपल्याकडे मुलाला मैदानावर चक्कर आली की “उन्हानं झालं असंल” म्हणून लिंबूसरबत पाजतात. पळताना चक्कर येणे, छातीत दुखणे, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांतले काहीही असेल तर मुलाचा ईसीजी काढून घ्यावा. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय आहे आणि तिला फार खर्च येत नाही.

मुलींबद्दल विचारणाऱ्या माता अलीकडे वाढल्या आहेत, ही चांगली गोष्ट. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला. काही सामने नवी मुंबईत आणि गोव्यात होते. भारताचे सामने भुवनेश्वरला झाले: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. आकडे कडू आहेत. पण त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती, आणि कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या मजूर घरातली. मोरोक्कोच्या मुलीही या स्पर्धेत पहिल्यांदाच आल्या होत्या. ओढणीचा प्रश्न ज्यांच्या मनात येतो त्यांच्यासाठी: डोके झाकून खेळण्यावरची बंदी फिफाने २०१४ मध्ये उठवली, आणि २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. तेव्हा नियमाची अडचण आता नाही. अडचण आहे ती मैदानावरून अंधारात घरी परतण्याची, स्वच्छतागृहाची, आणि सोबत एखादी शिक्षिका असण्याची. या गोष्टी शाळेच्या आणि पालकांच्या हातातल्या आहेत.

एक अडचण मात्र आपण स्वतःच तयार करतो, ती वयाची. १७ वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एमआरआय फिफा २००९ पासून काढते, आणि हाडे खोटे बोलत नाहीत. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. आपल्या भागातल्या जुन्या शाळांची दाखल-खारीज नोंदवही उघडली तर अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला सापडतो! शाळा जूनमध्ये सुरू होते, आईला तारीख आठवत नाही, गुरुजी १ जून लिहून मोकळे. आता जन्मदाखला मागतात म्हणून हे कमी झाले. तरीही दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी आणि नावाचे स्पेलिंग तिसरेच, अशी मुले आमच्याकडे दर वर्षी येतात. शेख आणि शैख, मुलाणी आणि मुल्लाणी, यावरून निवड झालेल्या मुलाचा अर्ज अडकू शकतो. शाळा सोडल्यावर दाखला दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे जाते. आठवीत असतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

आता ज्यांना खरोखर प्रयत्न करायचा आहे त्यांच्यासाठी. शाळांसाठी सुब्रतो करंडक आहे. १९६० पासून हवाई दलाच्या पुढाकाराने चालतो, तालुका-जिल्ह्यापासून थेट दिल्लीपर्यंत जातो. अकरा-बारा मुले आणि एक उत्साही शिक्षक असला की शाळेला नाव देता येते. क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचण्यांनी होते: उंची, वजन, लवचिकता, ३० मीटर आणि ८०० मीटर धावणे, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी आणि मेडिसिन बॉल फेक. यात फुटबॉल कुठेच नाही हे वाचून आश्चर्य वाटेल; आधी शरीराची घडण पाहतात, खेळ मागाहून. यातल्या बहुतेक गोष्टींची तयारी कोणत्याही शाळेच्या मैदानावर टेप, चुना आणि घड्याळ एवढ्यावर होते. वयाची अट लहान आहे, दहावीनंतर जागे होऊन उपयोग नाही. चाचण्यांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून शाळांना कळवल्या जातात. ते परिपत्रक आले की नाही, हे मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. एकदा विचारून समजले नाही तर पुन्हा विचारावे.